मायचे खेकडे

आमच्या घरात भावंडं जेवायला एकत्र बसली की पहिला घास भाताचा आणि दुसरा मायच्या किश्श्याचा, हे ठरलेलंच. मुद्दाम कुणी सुरू करत नाही. कुणीतरी ताटातला भात बोटांनी चाचपतो, "वास कुठाय? चिन्नोर नाही हा," म्हणतो, आणि झालं! वरण थंड होतं, सुना ताटकळतात, नातवंडं उठून जातात, आणि आम्ही म्हातारे खरकट्या हातांनी बसून राहतो.

किस्से साठतात ते धान कांडल्यावर कोंडा साठतो तसे. ठेवायला जागा नसते आणि टाकायला जीव होत नाही. यातले काही आमच्या जन्माआधीचे आहेत, ते शेजारच्या सगुणाकाकूनं सांगितलेले. काही मी डोळ्यांनी पाहिलेले. कुठले कुठले हे आता मलाही नीट सांगता येत नाही. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा म्हणतो, "तू तिखटमीठ लावतेस." लावते! अळणी कोण खातं?

तर माय म्हणजे आमची आई.

*

माय देवरीकडची, जंगलातल्या गावची, मोहफुलं वेचत वाढलेली. सासर मिळालं ते तलाव बांधणाऱ्यांचं. लोकांचे पणजोबा लढाया मारून आले, आमच्या पणजोबांनी माती वाहिली. गावचा तलाव त्यांचाच. तेव्हापासून घरात एक रीत पडली होती. नव्या सुनेनं उंबरठा ओलांडायच्या आधी तलावाच्या पाळीवर एक टोपली माती टाकायची. एरवी बाईमाणसानं पाळ चढायची नाही. डोक्यावर टोपली असेल तरच चढायची.

आता ही टोपली म्हणजे नुसता देखावा. वीतभर आकार, बाहेरून हळद लावलेली, आत चिमूटभर माती. पाळीवर कुंकवाचं बोट ओढून जागा दाखवलेली असे. नवरीनं तिथं टोपली उलटी करायची, बायकांनी गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी लाडू खायला घरी यायचं.

माय टोपली घेऊन चढली. कुंकवापाशी थांबली, इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ पाळीवरून चालायला लागली! बायकांचं गाणं अर्ध्यावर अडकलं. आजी मागून ओरडतेय, "अवो, इकडं टाक, इकडं!" नवरी ऐकेल तर ना. ती लुगडं सावरत पाळीच्या बाहेरच्या उतारावर गेली आणि एका ओलसर जागी माती ओतून उभी राहिली.

"इथून पानी झिरपून राहिलं," ती म्हणाली. "हे टोपली पुरत नाही. मोठी द्या."

सासरी उच्चारलेला हा तिचा पहिला शब्द. आजी कपाळाला हात लावून बसली, पण आजोबांना उकळ्या फुटल्या. त्यांनी तिथंच, सगळ्या वऱ्हाडासमोर जाहीर केलं, "हिच्या चोळीबांगडीसाठी एक बांधी देल्ली!" बांधी म्हणजे धानाचं शेत. लोकांनी वाहवा केली. माती सोन्यासारखी होती. फक्त ती बांधी पाटाच्या अगदी शेवटी होती, आणि तिथवर तलावाचं पाणी पोचलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

माय म्हणायची, "सासऱ्यायनं ताट चांदीचं देल्लं. भात वाढाचा तेवढा राहून गेला."

*

पुढं आजोबा गेले आणि पाणीवाटप बाबांकडं आलं. पावसानं ओढ दिली की पाळीवर मोहाच्या झाडाखाली गावची बैठक बसे, आणि कुणाच्या बांधीला आधी पाणी, कुणाच्या नंतर, ही बारी बाबा लावून देत. आजोबांनी त्यांना एक नियम घालून दिला होता. पाणी वाटणाऱ्यानं स्वतःच्या घरच्या शेताला सगळ्यात शेवटी पाणी घ्यायचं.

आता यातली गंमत बघा. आमच्या बाकीच्या सगळ्या बांध्या पाळीला लागून. त्या तलावाच्या पाझरावरच पिकत, त्यांना बारी लागतच नसे! म्हणजे आमच्या घराला हा नियम पाळणं फारच सोपं होतं. त्याची झळ एकाच बांधीला बसायची, आणि ती मायची.

पहिल्याच वर्षी पाऊस रुसला. बाबांनी नियम तंतोतंत पाळला. गावाचं धान वाचलं, मायचं वाळलं. बाबांचं नाव आसपासच्या गावांत झालं. लोक नारळ घेऊन येऊ लागले. "पाटील असावा तर असा! स्वतःच्या घरचं वाळू देल्लं!" बाबा मान खाली घालून नारळ घेत. मान खाली घालायची त्यांची पद्धत अशी होती की समोरच्यानं आणखी कौतुक करावं.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले. ताटात भाकर होती, वरण होतं, वांग्याची भाजी होती. भात नव्हता. धानाच्या मुलखात भाताशिवाय ताट म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

"भात?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यायचा होऊ द्या," माय म्हणाली. "तुमची बारी शेवटी."

आजी जेवली. मुलं जेवली. गडी जेवला. दाराशी बसलेल्या कुत्र्यालाही मायनं पितळीभर भात घातला. मग भांडं खरवडून बाबांच्या ताटात ढेकूळभर करपट भात पडला. बाबांनी तो चाटूनपुसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी नारळ घेऊन आलंच. त्याला बाबा म्हणाले, "माह्या घरी बी नियम गंज कडक हायेत."

*

दुसऱ्या वर्षी पुन्हा ओढ पडली. पुन्हा बैठक, पुन्हा बारी, पुन्हा मायची बांधी शेवटी. पण भादवा संपता संपता गावात कुजबुज सुरू झाली, कारण पाटाच्या शेवटी मायचं चिन्नोरचं धान गुडघाभर हिरवंगार उभं होतं!

बाबा हादरले. घाईघाईनं बांधीवर गेले. पाट पाहिला, तर कोरडा ठणठणीत. पाटाचं तोंड चिखलानं बंद केलेलं, तेही त्यांनी स्वतःच्या हातानं. मग पाणी आलं कुठून? मायच्या बांधीला लागून, चढाकडं सगुणाकाकूची बांधी होती. काकू धुऱ्यावर बसून तण काढत होती. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध.

"खेकडे, पाटील," काकू म्हणाली. "धुऱ्याले भोकं पाडून राहिले. माह्या बांधीतलं पानी तिकडं पळते. का करावं?"

बाबा वाकले. धुऱ्याला खरोखरच भोक होतं. गोल, गुळगुळीत, बांगडीएवढं.

"मोठा खेकडा दिसते," बाबा म्हणाले.

"मोठा हाय. अन् शहाना बी हाय," काकू म्हणाली. "वरच्या अंगानंच भोक पाडते. माह्या धानाले लागते तेवढं पानी राहू देते, वरचंच नेते."

बाबांनी काकूच्या बांधीकडं पाहिलं. तिचंही धान मजेत होतं. त्यांनी मान हलवली आणि घरी आले. माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. मनगटापर्यंत वाळलेला चिखल, बांगड्यांच्या खाचांतसुद्धा.

"खेकड्यायनं तुह्या बांधीले पानी देल्लं म्हनते सगुणा," बाबा म्हणाले.

"देवाची करनी," माय म्हणाली आणि एक खडा अंगणात फेकला.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. ज्या बाईचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पावसात सडत, तिला माय स्वतःचे पऱ्हे देत असे. रोवण्याला माणूस कमी पडलं तर पाटलाची बायको असून चिखलात उतरत असे. त्या बायकांनी आपसात काय ठरवलं ते त्यांनाच ठाऊक. पण तांबडं फुटायच्या सुमाराला एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, वरून खालपर्यंत, बांगड्या घातलेले खेकडे कामाला लागत. सगळ्यांत शेवटचा खेकडा आमची माय.

आम्हा पोरांना तिची सक्त ताकीद होती. "बापाले सांगू नोका. भोळा हाय तो. त्याचा न्याय दुखंल."

*

भानगड झाली ती सगुणाकाकूच्या नवऱ्यामुळं. दशरथकाका म्हणजे हिशोबी माणूस. आपल्या बांधीतलं पाणी शेजाऱ्याकडं जातं, तेही पाटलाच्या घरी, हे त्याला कसं खपावं? भर बैठकीत तो उभा राहिला.

"पाटील, मले न्याय पायजे. खेकड्यायनं माहा धुरा चाळनी केला. ज्याच्या बांधीत पानी जाते त्यानं दंड द्यावा!"

ज्याच्या बांधीत पाणी जातं तो म्हणजे खुद्द पाटीलच. पाळीखाली धुणं धुणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्या दिवशी दंड बसला असता तर मायची बांधी कायमची वाळली असती. वर कुणीतरी चौकशी केली असती तर बाबांच्या नारळांचंही काही खरं नव्हतं.

बाबांनी तलावाकडं पाहिलं. मग खाकरले.

"तलाव आपल्या वाडवडलानं बांधला," ते म्हणाले. "पन खेकडा त्याच्या आधीपासून इथला हाय. त्याच्यावर दंड बसवाचा आपल्याले अधिकार नाही."

"मंग भोकं?"

"भोक बुजवावं. ज्याचा धुरा त्यानं बुजवावं. पन मानसायनं कुदळ मारली का धुरा फुटते. चिखलाचं काम बायकायच्या हातचं. म्हनून यापुढं धुऱ्याची भोकं बायकायनंच पाहावी. मानसायनं हात लावाचा नाही."

बैठक खूश झाली. दशरथकाकासुद्धा खूश झाला, कारण एक काम कमी झालं. पाळीखालच्या बायका पुन्हा धुणं आपटू लागल्या, जरा जास्तच जोरात. "असा न्याय कोर्टात बी भेटत नाही," असं म्हणत लोक घरी गेले.

मायनं हे ऐकलं आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पाहा ना बापा, चोराच्याच हातात किल्ली देल्ली! एवढा भोळा मानूस मी पाहिला नाही."

*

एकदा मायला घेऊन आम्ही गोंदियाला गेलो. मामाकडचं लग्न होतं आणि पुढचा प्रवास आगगाडीचा. तिनं आगगाडी तोवर पाहिलीच नव्हती. बाबा तिला सगळं समजावून सांगत होते. हे सिग्नल, हा गार्ड, ही थर्ड क्लासची खिडकी. माय ऐकत नव्हती. ती इंजिनाकडं बघत होती. वरून हत्तीच्या सोंडेएवढा नळ खाली आला होता आणि इंजिन गटागटा पाणी पीत होतं. इकडं प्लॅटफॉर्मवरच्या एकुलत्या एका नळाला माणसांची ही रांग!

"याची बारी कोन लावते?" तिनं विचारलं.

"त्याची बारी नसते," बाबा म्हणाले. "त्याले पह्यले पाजतात. मंग गाडी चालते."

मायनं मान डोलावली. "तरीच! पाटलाच्या घरचा नाही दिसत तो."

शेजारचा हमाल काही न समजताच हसला. बाबा पुढच्या डब्यात जाऊन बसले.

*

आमच्या तलावाची कीर्ती ऐकून एकदा सरकारी ओव्हरसियर आला. गोंदियाचाच, हिंदी बोलणारा, पोटानं भरलेला आणि स्वभावानं मोकळा. तिकाटण्यावर दुर्बीण लावून त्यानं तलाव मोजला, पाट मोजला, तुडूम पाहिलं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. दुपारी आमच्याकडं जेवला. मायनं स्वतःच्या बांधीचं चिन्नोर रांधलं होतं. भाताच्या वासानं पहिल्या घासाला तो वरण घ्यायचंच विसरला. दुसऱ्या वाढपाला त्यानं विचारलं, "पाटीलजी, ये किस खेत का है?"

"शेवटच्या," बाबा पुटपुटले.

"लेकिन वहाँ तो पानी जाता ही नहीं! मैंने अभी लेव्हल लिया है।"

बाबांचा घास हातातच राहिला. आम्ही मुलं भिंतीकडं तोंड करून बसलो. दाराआड मायच्या बांगड्या वाजल्या.

"खेकडे नेतात," बाबा म्हणाले. "इकडचे खेकडे तसेच हायेत."

ओव्हरसियरनं बाबांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग पुन्हा भाताकडं पाहिलं. माणूस जाणता होता, लग्न झालेला होता.

"पाटीलजी," तो म्हणाला, "ऐसे केकड़े हमारे महकमे में भरती करवा दीजिए। हमारी तो नहर ही टेढ़ी जा रही है!"

जाताना मायनं त्याला चिन्नोरची पोटली बांधून दिली. तो पुढं पुष्कळ वर्षं कुठल्या न कुठल्या निमित्तानं तलाव मोजायला येत राहिला, आणि दर वेळी बरोबर जेवणाच्या वेळेला.

*

मग एक फार वाईट साल आलं. तलाव निम्मासुद्धा भरला नाही. बैठकीच्या आदल्या दिवसापासून गावात बोलणं सुरू झालं की यंदा पाटाच्या शेवटच्या बांध्या सोडूनच द्याव्यात, पाणी वरच्यावर पुरवावं. वर पाणीच नाही म्हटल्यावर खेकडे तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली बैठक भरली. कुणीतरी विषय काढणार, तेवढ्यात सगळे पाळीच्या टोकाकडं बघायला लागले. माय चढून येत होती! तिच्या डोक्यावर टोपली होती. ती शांतपणे आली, झाडाच्या सावलीत बसली आणि टोपली डोक्यावर तशीच धरून राहिली.

"हे का होय?" दशरथकाका ओरडला. "बाईमानूस पाळीवर?"

सगळे बाबांकडं बघायला लागले. बाबांनी मायकडं पाहिलं, मग टोपलीकडं.

"टोपली हाय डोक्यावर," ते म्हणाले. "नियमात बसते."

मग बैठक सुरू झाली. पण आता शेवटच्या बांध्या सोडा, हे म्हणायचं कुणी? बांधीवाली समोर बसलेली, आणि एवढं मोठं टोपलं डोक्यावर घेऊन! एकजण "शेवटच्या" एवढंच म्हणाला आणि खोकायला लागला. दुसऱ्यानं पावसाचा विषय काढला. तिसऱ्यानं बैलांचा. ऊन सरकत चाललं. शेवटी मायनंच तोंड उघडलं.

"मान दुखून राहिली, बापा. लवकर आटपा."

बाबांनी सगळ्या बांध्यांची बारी लावली, पार शेवटपर्यंत. थोडं थोडं, पण सगळ्यांना. माय उठली, कुणाकडंही न बघता पाळ उतरली. त्यानंतर दर बैठकीला ती टोपली घेऊन हजर असे. टोपलीत माती आहे की नाही हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. मी एकदा डोकावून पाहिलं. आत पानाचा डबा होता.

*

देश स्वतंत्र झाला त्या सालची गोष्ट. गोंदियाला म्हणे मिठाई वाटली. आमच्या गावाला त्या वर्षी धड पाऊससुद्धा वाट्याला आला नाही. बाबा अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरनं आशा सोडली होती. मी सासरहून आले होते. पाणीवाटप दादानं हाती घेतलं होतं.

दादा नागपूरला शिकून आलेला. बाबांचा न्याय त्याला देवाच्या ठिकाणी. लहानपणापासून तो नागपूरलाच असल्यामुळं खेकड्यांचं प्रकरण त्याच्या कानावर कधी गेलंच नव्हतं. त्यानं पाट पाहिले, धुरे पाहिले आणि भोकं बघून त्याला धक्काच बसला. बायकांवर सोपवलेलं काम असं ढिलं! त्यानं गडी लावले. एकेक भोक दगड आणि चिकणमाती ठोकून बंद केलं. वर रात्रंदिवस धुऱ्यावर पहारा बसवला. घरी येऊन मोठ्या अभिमानानं म्हणाला, "बाबांच्या न्यायात एवढी एक फट राहिली होती. ती मी बुजवली."

माय बोलून काय सांगणार? मुलाला खरं सांगावं तर मरायला टेकलेल्या नवऱ्याचं नाव जातं. मी म्हटलं, "माय, मी सांगते दादाले." तिनं माझा हात धरला. "नोको. त्यायले सुखानं जाऊ दे. एक बांधी वाळली तर का होते?" असं म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती. धान पोटरीला, म्हणजे लोंब्या धरायला आलं होतं, पाटाचं पाणी शेवटपर्यंत पोचत नव्हतं आणि तिच्या बांधीत भेगा पडल्या होत्या. त्या बांधीवर ती रोज सकाळी जाऊन उभी राहते, हे मला ठाऊक होतं. मला रडू आलं.

एके सकाळी बाबा म्हणाले, "मले पाळीवर न्या. तलाव पाहाचा हाय." चौघांनी खाट उचलली आणि मोहाखाली नेऊन ठेवली. मागोमाग गावही जमलं. दादा उशाशी. मी पायथ्याशी, डोक्यावर उसनी टोपली. माय शेजारी उभी, डोक्यावर तिची टोपली. इतक्या वर्षांची सवय, आणि नियम तो नियम.

बाबांनी तलाव पाहिला. मग हळूहळू नजर पाटावरून खाली खाली नेली. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. मला विचारलं, "शेवटची बांधी कशी हाय?"

मी मायकडं पाहिलं. तिनं मान हलवली, सांगू नको म्हणून. पण माझ्या तोंडून निघून गेलं. "भेगा पडल्या, बाबा."

"अन् सगुणाची?"

"काल बारी झाली. काठोकाठ भरली हाय."

बाबांनी मग दादाकडं तोंड वळवलं.

"धुरे कोनं बुजवले रे?"

"मी, बाबा," दादा पुढं सरसावला. "पक्के बुजवले. एक भोक ठेवलं नाही."

"हुशार हायेस," बाबा म्हणाले. "मंग तुह्या मायच्या खेकड्यायनं आता जावं कोनीकडून?"

दादाला काही कळेना. तो माझ्याकडं बघायला लागला. मी मायकडं बघत होते. माय बाबांकडं बघत होती, तोंड उघडं टाकून.

मग मायनं डोक्यावरची टोपली उतरवली, जमिनीवर ठेवली आणि तिथंच, पाळीवर, भर दिवसा, गावासमोर, खाटेच्या कडेला टेकली.

"जा," बाबा दादाला म्हणाले. "हातानं पाड. बांगडीएवढं."

दादानं धोतर खोचलं आणि पाळ उतरून पाटाच्या कडेनं चालायला लागला. तो बराच लांब गेला असेल, तेव्हा मायला एकदम काहीतरी आठवलं. ती ताडकन उठून उभी राहिली आणि हात तोंडाशी धरून ओरडली, "वरच्या अंगानं पाडजो रे! खालून पाडशील तर सगुणाची बांधी रिकामी होईल!"